लिंकर एरर (ग्राफिक्स प्रोग्रॅममधील)

प्रोग्रॅमचे व्याकरण बिनचूक असते, कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करून ऑब्जेक्ट फाइलही तयार करतो, पण त्यात बोलावलेली फंक्शने कुठे आहेत ते लिंकरला, म्हणजे सगळे तुकडे जोडून चालवता येणारी फाइल बनवणाऱ्या साधनाला, सापडत नाही आणि काम शेवटच्या पायरीवर अडते. या दोषाला लिंकर एरर किंवा जोडणीदोष म्हणतात. लिनक्सवर तो ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ या शब्दांत दिसतो, व्हिज्युअल सी प्लस प्लसमध्ये ‘एलएनके २०१९’ या क्रमांकाने, तर मॅकवर ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल्स फॉर आर्किटेक्चर’ अशा मथळ्याखाली. ग्राफिक्सच्या प्रोग्रॅममध्ये हा दोष विशेष आढळतो. प्रिंटएफसारखी फंक्शने असलेली प्रमाण सी लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) कंपायलर न सांगता जोडतो. रेघ मारणे, खिडकी उघडणे, रंग भरणे ही कामे मात्र भाषेचा भाग नाहीत. ती बाहेरच्या लायब्रऱ्या करतात आणि त्यांची नावे दर वेळी प्रोग्रॅमरलाच सांगावी लागतात.

नवशिक्याची गल्लत बहुधा फंक्शनांची नुसती नावे सांगणाऱ्या हेडर फाइलपाशी होते. प्रोग्रॅमच्या डोक्यावर इन्क्लूडची ओळ लिहिली म्हणजे लायब्ररी जोडली गेली, असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात हेडर म्हणजे लग्नपत्रिकेवरची नावे. पत्रिकेत नाव छापले म्हणून पाहुणा मांडवात हजर असतोच असे नाही. कंपायलर पत्रिका वाचून समाधान मानतो. लिंकर मांडवात येऊन डोकी मोजतो. म्हणूनच कंपायलरच्या तक्रारीत ओळ क्रमांक असतो आणि लिंकरच्या तक्रारीत बहुधा फक्त फंक्शनचे नाव असते. ओळ क्रमांक दिसत नसेल तर प्रोग्रॅमची अक्षरे पुन्हापुन्हा वाचण्यात वेळ घालवू नये. दोष बहुतेक वेळा प्रोग्रॅम कंपाइल करण्याच्या आज्ञेत किंवा प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये असतो.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांची या दोषाशी पहिली गाठ टर्बो सी या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर पडली. बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये टर्बो पास्कल ४ बरोबर बीजीआय ही ग्राफिक्स व्यवस्था आणली आणि ती पुढे टर्बो सीमध्येही आली. डीडीए किंवा ब्रेसनहॅम या पद्धतीने रेघ काढायचा प्रोग्रॅम विद्यार्थी लिहितो, ग्राफिक्स डॉट एच इन्क्लूड करतो, आणि पडद्यावर येते: ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल अंडरस्कोर इनिटग्राफ इन मॉड्यूल नोनेम००’. फाइलला नाव दिलेले नसल्याने मॉड्यूलचे नाव नोनेम, आणि तो कंपायलर सीच्या प्रत्येक नावाआधी अंडरस्कोर लावत असल्याने फंक्शनच्या नावाला ते शेपूट पुढून. उपाय दोन क्षणांचा आहे: ऑप्शन्स मेनूत लिंकर, त्यात लायब्ररीज, आणि तिथे ‘ग्राफिक्स लायब्ररी’च्या चौकटीत फुली.

यानंतरही पडद्यावर ‘बीजीआय एरर: ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड’ असे आले, तर तो लिंकरचा दोष नव्हे. जोडणी झालेली आहे, पण ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफला ‘ईजीएव्हीजीए’ ही ड्रायव्हर फाइल दिलेल्या फोल्डरमध्ये मिळाली नाही. हे दोन दोष सर्रास एकच समजले जातात आणि मग बरोबर असलेली लिंकरची फुली काढून पुन्हा लावण्यात प्रात्यक्षिकाचा तास जातो. फोल्डरचा पत्ता लिहिताना उलटी तिरपी रेघ दोनदा द्यावी लागते हे विसरणे, हे त्यातले नेहमीचे कारण.

आजच्या प्रयोगशाळांत बीजीआयची जागा बरीचशी ओपनजीएलने घेतली आहे. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि २००६ पासून क्रोनोस ग्रुप त्याची देखरेख करतो. ओपनजीएल हे मुळात फंक्शनांचे विनिर्देश आहे, एखादी ठरावीक फाइल नव्हे. फाइल कोण पुरवते हे यंत्रणेगणिक बदलते, आणि जोडणीचे निम्मे घोळ इथेच उगवतात. शिवाय ओपनजीएलला खिडकी उघडता येत नाही. त्यासाठी मार्क किलगार्ड यांनी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना ग्लूट लिहिले. त्याचा परवाना मुक्त नव्हता, म्हणून १९९९ च्या अखेरीस फ्रीग्लूटचे काम सुरू झाले. एका साध्या फिरत्या चौकोनासाठी अशा रीतीने तीन लायब्रऱ्या लागतात: खिडकीसाठी ग्लूट, दृश्यकोन वगैरे सोयींसाठी जीएलयू आणि चित्रासाठी जीएल.

लिनक्सवर लायब्ररीचे नाव सांगायचे ते वजाचिन्ह आणि रोमन छोटा एल या जोडचिन्हाने. त्यापुढे फाइलच्या नावातला ‘लिब’ आणि शेपटातला ‘डॉट एसओ’ गाळून उरलेला भाग लिहायचा. जीएल आणि जीएलयू मोठ्या रोमन अक्षरांत, ग्लूट छोट्या. इथे अक्षरांचा आकार बदलला की नाव बदलते. पॅकेजचे नाव फ्रीग्लूट असले तरी लिनक्सवर फाइलचे नाव जुनेच, ग्लूट, ठेवलेले आहे. त्यामुळे ‘-एल’पुढे फ्रीग्लूट लिहिणाऱ्याला ‘कॅनॉट फाइंड’ असे उत्तर मिळते. विंडोजवर मिनजीडब्ल्यू या कंपायलरबरोबर मात्र नेमके फ्रीग्लूटच लिहावे लागते आणि जीएलऐवजी ओपनजीएल३२. हे नाव ६४ बिटच्या विंडोजवरही ‘३२’च राहिले आहे, ते पाहून बिचकायचे कारण नाही.

‘कॅनॉट फाइंड’ आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ यांतला फरक ओळखला की निदान अर्धे झाले. पहिल्यात लिंकरला फाइलच सापडत नाही. फ्रीग्लूट वापरणारा एखादा खेळ त्याच संगणकावर व्यवस्थित चालत असतानाही असे होते, कारण चालवण्यासाठी लागणारी फाइल आणि जोडणीसाठी लागणारी फाइल डेबियन-उबुंटूत वेगवेगळ्या पॅकेजांत असतात. शेवटी ‘डेव्ह’ असलेले पॅकेज बसवले की काम होते. ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ असा शब्दप्रयोग दिसला तर फाइल आहे, पण ३२ आणि ६४ बिटची गल्लत झाली आहे. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’मध्ये, जेवढ्या फाइली वाचल्या त्यांपैकी एकीतही ते फंक्शन नाही, किंवा फाइल भलत्या वेळी वाचली गेली.

भलत्या वेळी म्हणजे काय? जीएनयूचा लिंकर आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो. तोवर कोणती नावे अपुरी आहेत याची यादी तो मनात ठेवतो आणि स्थिर लायब्ररीतून, म्हणजे ‘डॉट ए’ फाइलीतून, त्या यादीपुरतेच तुकडे उचलतो. लायब्ररीचे नाव प्रोग्रॅमच्या आधी लिहिले तर ती वाचताना यादी कोरी असते, काहीच उचलले जात नाही, आणि नंतर गरज पडली तरी लिंकर मागे वळत नाही. सामायिक, म्हणजे ‘डॉट एसओ’, लायब्रऱ्यांना पूर्वी हा क्रम फारसा बाधत नसे. २०११ मध्ये उबुंटू ११.१० ने ‘अ‍ॅज नीडेड’ (गरज असेल तरच जोडा) हा पर्याय मुळातच चालू ठेवला आणि त्याही क्रमाच्या कचाट्यात सापडल्या. जुन्या पुस्तकातली आज्ञा जशीच्या तशी उतरवूनही चालत नाही, त्याचे हे एक खरे कारण आहे. आधी प्रोग्रॅमची फाइल, मग ग्लूट, मग जीएलयू, शेवटी जीएल हा क्रम सगळीकडे चालतो: जो दुसऱ्यावर अवलंबून तो आधी. वर्तुळासाठी साइन-कोसाइन वापरले असतील तर गणिताची ‘एम’ लायब्ररीही शेवटी जोडावी लागते. ग्राफिक्सच्या गडबडीत तिचा हमखास विसर पडतो.

‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ हा याच घराण्यातला संदेश (डीएसओ म्हणजे सामायिक लायब्ररी). ग्लूट स्वतः जीएलवर उभे आहे, मग जीएल वेगळे कशाला लिहायचे, असा हिशेब पूर्वी चालून जात असे. आता प्रोग्रॅम ज्या लायब्ररीतले फंक्शन थेट बोलावतो, ती थेट नमूद करावी लागते. संदेशातच फाइलचे नाव दिलेले असते, त्यामुळे हा दोष दिसायला जितका भीतिदायक तितकाच दुरुस्तीला सोपा.

विंडोजची अडचण निराळ्या जातीची आहे. तिथली ओपनजीएल३२ ही लायब्ररी फक्त आवृत्ती १.१ ची फंक्शने उघड करते. शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम), बफर वगैरेंची नंतरची सारी फंक्शने ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमध्ये असतात आणि प्रोग्रॅम चालू असताना त्यांचा पत्ता मागून घ्यावा लागतो. लिनक्सवर सुरळीत जोडला गेलेला शेडरचा प्रोग्रॅम विंडोजवर अडतो तो इथे. ग्लू किंवा ग्लॅड या साहाय्यक लायब्रऱ्या पत्ते गोळा करण्याचे काम करतात. मात्र ग्लूची स्थिर आवृत्ती जोडायची तर ‘ग्लूस्टॅटिक’ ही व्याख्या हेडरच्या आधी द्यावी लागते, नाहीतर नावाआधी ‘इम्प’ लागलेली अपुरी नावे दिसू लागतात. शिवाय खिडकी तयार होण्याआधीच ग्लूची सुरुवात केली तर लिंकर गप्प बसतो आणि प्रोग्रॅम चालताना कोसळतो. व्हिज्युअल सी प्लस प्लससाठी बांधलेली सी प्लस प्लस लायब्ररी मिनजीडब्ल्यूच्या प्रोग्रॅमला जोडण्याचा खटाटोप करू नये. दोघांची नावे गुंफण्याची पद्धत वेगळी आहे.

मॅकवर ‘-एल’ऐवजी ‘फ्रेमवर्क’ हा शब्द लिहून ओपनजीएल आणि ग्लूट ही नावे द्यायची. अ‍ॅपलने २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून ओपनजीएल कालबाह्य ठरवले आहे, पण त्यापायी येतात त्या सूचना, दोष नव्हेत.

कधीकधी मात्र चूक खरोखर अक्षरांचीच असते. सीमध्ये फंक्शनच्या नावातला एखादा एफ छोट्याचा मोठा झाला, तर जुना जीसीसी कंपायलर नुसती सूचना देऊन पुढे जाई आणि त्याचे उट्टे लिंकर काढी. जीसीसी १४ पासून, म्हणजे २०२४ पासून, कंपायलरच तिथे थांबतो. सी प्लस प्लसमध्ये फंक्शनच्या नावात त्याच्या प्राचलांचे प्रकारही गुंफले जातात. सीमध्ये बांधलेली लायब्ररी तिथून बोलावताना हेडरला ‘एक्स्टर्न सी’चे वेष्टण नसेल, तर दोघे एकाच फंक्शनला वेगळ्या नावांनी हाका मारत राहतात.

निदानासाठी लिनक्सवर एनएम हे छोटे हत्यार पुरते. फंक्शनच्या नावाआधी रोमन ‘यू’ दिसला तर ते हवे आहे, ‘टी’ दिसला तर ते इथे आहे. सामायिक लायब्ररी तपासताना त्याला ‘डी’ हा पर्याय द्यायला विसरू नये, नाहीतर भरलेली लायब्ररीही रिकामी दिसते. आज्ञा हाताने रचण्यापेक्षा पीकेजी-कॉन्फिग या साधनाकडून ती मागून घेणे बरे. मोठ्या प्रकल्पात हेच काम सीमेक करतो.

जोडणी पार पडूनही प्रोग्रॅम सुरू होताना ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असे आले, तर तक्रार लिंकरची नसून लोडरची, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना लायब्रऱ्या शोधणाऱ्या भागाची, आहे. एलडीडी ही आज्ञा प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देते आणि न सापडलेल्या फाइलीपुढे ‘नॉट फाउंड’ लिहिते. लायब्ररी स्वतः बांधून बसवली असेल, तर तिचा फोल्डर यंत्रणेच्या यादीत आहे ना हे पाहून एकदा एलडीकॉन्फिग चालवावे लागते.