विश्वास आणि सत्कृत्ये

मनुष्याचे तारण (पापातून व त्याच्या शिक्षेतून सुटका) ईश्वराच्या कृपेवर विसंबून होते की त्याने स्वतः केलेल्या कृत्यांनी, या प्रश्नाभोवती ख्रिस्ती धर्मशास्त्रात जी चर्चा झाली, ती ‘विश्वास आणि सत्कृत्ये’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील ‘नीतिमान ठरणे’ हा शब्दप्रयोग मुळात न्यायनिवाड्यातला असून, न्यायाधीशाने एखाद्याला निर्दोष ठरवावे तसे ईश्वराने मनुष्याला ठरवणे, असा त्याचा आशय आहे.

पहिल्या शतकाच्या मध्यास गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याने मनुष्य नियमशास्त्राच्या कृत्यांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो असे मांडले, तेव्हा वाद होता तो यहुदी नसलेल्या ख्रिस्ती मंडळींनी सुंता करून घ्यावी की नाही याचा. पौलाच्या ‘कृत्ये’ या शब्दामागचा हा संदर्भ पुढील वादांत पुष्कळदा विसरला गेला. नव्या करारातलेच (बायबलच्या ख्रिस्ती भागातले) याकोबाचे पत्र मात्र कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे बजावते. दोघेही दाखला देतात तो अब्राहामाचाच. पौल बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जेथे अब्राहामाने केवळ विश्वास ठेवला. याकोब त्याला बाविसाव्या अध्यायाची जोड देतो, जेथे तो मुलाला वेदीवर ठेवतो.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर (1483–1546) हा मठवासी असताना उपास, जागरणे आणि पापकबुली यांत कसूर करीत नसे, तरी आपण पुरे पडलो अशी खात्री त्याला कधीच वाटेना. त्यामुळे पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांची विक्री त्याला निव्वळ गैरव्यवहार वाटली नाही, तर खोटा दिलासा वाटला, आणि 1517 साली त्याने विटेनबर्ग येथे 95 प्रमेये मांडली. 1522 च्या जर्मन नव्या करारात पौलाच्या रोमकरांस पत्रातील एका वचनात (3:28) त्याने मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला. गंमत अशी, की ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, ते याकोबाच्या पत्रात, आणि तेही नकारार्थी.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 साली मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो हे ल्यूथरचे मत नाकारले. परंतु नीतिमान ठरण्यापूर्वीची कोणतीही गोष्ट त्या कृपेला पात्र करीत नाही, हेही तिने त्याच ठरावात नमूद केले, याकडे प्रॉटेस्टंट टीकाकारांचे सहसा दुर्लक्ष होते. या प्रश्नाच्या मूलभूत बाबींवर एकमत झाल्याचा संयुक्त जाहीरनामा लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे स्वाक्षरित केला.

मराठी मुलखात हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) आयुष्यात ठळकपणे दिसतो. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊन परतल्यावर 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. लोकांच्या दृष्टीने त्यांच्या पदरी सत्कृत्यांची वाण नव्हती. तरीही 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. तो सापडला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. या अनुभवानंतर त्यांचे काम आटोपते झाले नाही, उलट वाढले: 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार स्त्रिया व मुली आणल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले.