एक लूप की दोन: कस्टम वॉटर-कूल्ड संगणकाच्या आखणीतील जुन्या वादाची पार्श्वभूमी

गेमिंग आणि क्रिएटिव्ह काम या दोन्हींसाठी एकच मोठा वॉटर-कूल्ड संगणक बांधायचे ठरले, की भागांची यादी पुरी होण्याआधीच एक प्रश्न हमखास उभा राहतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये, म्हणजे पंपाने पाणी फिरवत उष्णता रेडिएटरमधून हवेत सोडणाऱ्या एकाच बंद वर्तुळात घ्यायचे, की दोघांना स्वतंत्र पंप, स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र रेडिएटर द्यायचे? कॅबिनेट किती मोठे लागेल, रेडिएटर कुठे बसतील आणि पुढे देखभाल किती जिकिरीची होईल, हे सारे या उत्तरावर ठरते. दोन लूपचा आग्रह आजही अनेक जाणकार धरतात. तो आग्रह नेमका कोणत्या काळात रुजला आणि त्यानंतर यंत्रांत काय बदलले, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचा निकाल नीट लागत नाही.

पाण्याने संगणक थंड करणे ही शौकिनांची कल्पना नव्हे. १९६० च्या दशकातील मोठ्या मेनफ्रेम यंत्रांत पाणी खेळवले जात होते आणि १९८५ मध्ये आलेल्या क्रे-२ या महासंगणकाचे सर्किट बोर्ड तर थेट विद्युतरोधक द्रवात बुडवलेले असत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कमी वीज खाणाऱ्या चिप आल्या आणि मोठ्या यंत्रांतून पाणी बरेचसे मागे पडले. त्याच सुमारास घरगुती संगणकात मात्र ते शिरू लागले.

त्यामागचे कारण एकच होते, ते म्हणजे प्रोसेसरचा वेग. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर बसचा (प्रोसेसर आणि बाकी बोर्ड यांच्यातील जोडणीचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेताच ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालू शकत असे, आणि या एका प्रोसेसरने ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक वेगाने चिप चालवण्याची, गोडी असंख्य लोकांना लावली. बाजारात तयार सामान जवळजवळ नव्हते. मोटारीच्या हीटरमधील लहान रेडिएटर, मत्स्यालयातील किंवा कारंज्यातील पंप आणि तांब्याच्या ठोकळ्यात घरीच ड्रिल करून पाडलेल्या वाटा, एवढ्यावर लूप उभा राहत असे. पंप थेट घरातील विजेवर चालणारा असल्यामुळे संगणक सुरू झाला तरी पंप बंदच राहण्याचा धोका होता. म्हणून संगणकाच्या पॉवर सप्लायवर चालणारा रिले बसवून दोन्ही एकदम सुरू होतील अशी सोय करावी लागे. ही घडण मनापासून कौतुक करावी अशी होती. मात्र तिच्यात आखणीचा केंद्रबिंदू प्रोसेसर होता आणि ग्राफिक्स कार्डाला बहुतेकदा लूपमध्ये जागाच नव्हती, ही गोष्ट पुढच्या वादासाठी महत्त्वाची आहे.

दोन लूपची पद्धत २००४ नंतरच्या काही वर्षांत जोमाने वाढली. त्या वर्षी दोन ग्राफिक्स कार्डे जोडून चालवण्याची सोय पुन्हा आली, डेस्कटॉप प्रोसेसरचा उष्णतेचा आकडा १०० वॅटपलीकडे गेला आणि मदरबोर्डवरील चिपसेट व व्होल्टेज नियामक यांच्यासाठीही वेगळे ब्लॉक, म्हणजे चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात सोडणारे ठोकळे, मिळू लागले. हे सारे एका ओळीत जोडले की पाण्याला इतका अडथळा होई की त्या काळातील अनेक पंपांचा जोर अपुरा पडे. २००८ मधील कोअर आय७ ९२० सारखा प्रोसेसर २.६६ वरून ४ गिगाहर्ट्झच्या आसपास नेणाऱ्याला पाण्याच्या प्रत्येक अंशाची किंमत होती, आणि २०१० मधील जीटीएक्स ४८० सारखी २५० वॅटची दोन कार्डे त्याच पाण्यात उष्णता ओतणार असतील तर प्रोसेसरचे पाणी वेगळे ठेवणे शहाणपणाचेच होते. तेव्हाचा तो निर्णय त्या काळच्या सामानाला धरून होता. पुढे पंप सुधारले, चिपसेटचे ब्लॉक जवळपास नाहीसे झाले, तरी निर्णय मात्र नियमासारखा टिकून राहिला. दोन रंगांच्या कूलंटने (लूपमध्ये फिरणाऱ्या द्रवाने) सजलेले कॅबिनेट देखणे दिसते, हेही त्याच्या टिकण्याचे एक कारण आहे.

आज हा वाद आकड्यांत मांडता येतो. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० या कार्डाची मर्यादा ५७५ वॅट आहे आणि १७० वॅट अशी नोंद असलेला एएमडीचा रायझन प्रोसेसर प्रत्यक्षात २३० वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. पाण्याचा प्रवाह मिनिटाला ४ लिटर धरला, तर हे एकूण ८०५ वॅट पोटात घेऊनही पाणी एका फेरीत ३ अंशांपेक्षा कमी तापते. त्यामुळे लूपमध्ये आधी प्रोसेसर की आधी कार्ड, या जुन्या चर्चेत फारसा दम उरत नाही. नळ्या जिथून सोप्या जातील तो क्रम चालतो. खरा प्रश्न पाणी खोलीतील हवेपेक्षा किती अंश वर जाऊन स्थिरावते हा आहे, आणि ते रेडिएटरच्या एकूण क्षेत्रफळावर व पंख्यांच्या गतीवर ठरते.

समजा, ३६० मिमीचे तीन रेडिएटर आहेत आणि पंखे शांत गतीने फिरत असताना प्रत्येक रेडिएटर पाणी-हवेतील फरकाच्या प्रत्येक अंशामागे २० वॅट बाहेर टाकतो. दोन लूप केले तर कार्डाला दोन आणि प्रोसेसरला एक, अशी वाटणी होईल. फक्त कार्डावर रेंडरिंग (त्रिमितीय दृश्यातून अंतिम चित्र तयार करण्याचे काम) चालू असेल, तर दोन लूपमध्ये कार्डाचे पाणी हवेपेक्षा सुमारे १४ अंश वर जाईल आणि तिसरा रेडिएटर रिकामा बसेल. एकाच लूपमध्ये तिन्ही रेडिएटर कामाला लागून तोच फरक १० अंशांच्या आत राहील. दोन्ही भाग पूर्ण ताणावर असतील, तर एका लूपमधील पाणी सुमारे १३ अंश वर राहते. दोन लूपमध्ये प्रोसेसरचे पाणी साडेअकरा आणि कार्डाचे १४ अंशांच्या थोडे वर राहील, म्हणजे फरक किरकोळ आहे. गेम खेळताना प्रोसेसर १०० वॅट घेत असेल, तर दोन लूपमध्ये त्याचे पाणी हवेपेक्षा केवळ ५ अंश वर राहते आणि एका लूपमध्ये ते ११ अंशांवर जाते. दोन लूपचा पक्ष इथे बरोबर आहे आणि हे मान्य करायलाच हवे.

पण त्या ६ अंशांचा प्रोसेसरला उपयोग किती, हे चिपच्या आकारावर ठरते. आजच्या रायझनमधील गणना करणारे गाभे असलेला एक चिपलेट (प्रोसेसरमधील लहान चिप) सुमारे ७० चौरस मिमीचा आहे, तर ५०९० ची चिप ७५० चौरस मिमीची. लहान जागेतून इतकी उष्णता निघताना मुख्य अडथळा चिप, तिच्यावरचे झाकण आणि मधली उष्णतावाहक पेस्ट यांतच असतो, आणि पूर्ण ताणावर प्रोसेसरचे तापमान पाण्यापेक्षा सहज ४० अंश वर असते. २०२२ नंतरचे काही प्रोसेसर तर ९५ अंशांपर्यंत स्वतःहून वेग वाढवत जातील अशाच रीतीने बनवले आहेत. कार्डाची चिप मोठी, ब्लॉक थेट तिच्यावर आणि मध्ये झाकण नाही. त्यामुळे पाणी थंड ठेवल्याचा लाभ कार्डाला अधिक सरळपणे मिळतो. उपलब्ध सगळे रेडिएटर कार्डाच्या सेवेत आणणारा एक लूप म्हणूनच आजच्या यंत्राला अधिक साजतो. दुसरा पंप घ्यायचाच असेल तर तो त्याच लूपमध्ये एकापुढे एक जोडावा, म्हणजे एक बंद पडला तरी पाणी फिरत राहते. रात्रभर रेंडर लावून झोपणाऱ्याला याचे मोल अधिक आहे.

क्रिएटिव्ह कामाची गरज या इतिहासात उशिरा शिरली. २००४ मध्ये व्यावसायिक डिझायनर आणि संपादकांमध्ये लोकप्रिय असलेल्या पॉवर मॅक जी५ मालिकेतील सर्वांत वेगवान यंत्र कारखान्यातूनच द्रव-शीतन घेऊन आले; काही वर्षांनी त्यांतील काही यंत्रांत गळती झाली आणि कामाच्या संगणकात पाणी नको, हे मत पक्के होण्यास हातभार लागला. ओव्हरक्लॉकिंगचा शौकीन काही मिनिटांच्या चाचणीवर समाधानी असे, पण त्रिमितीय दृश्य रेंडर करणाऱ्याला तासन्‌तास एकसारखा भार पेलणारे यंत्र लागते. अशा भाराखाली पाण्याचे तापमान हळूहळू चढून पाऊण-एक तासाने स्थिर होऊ शकते, त्यामुळे दहा मिनिटांच्या चाचणीवरून रेडिएटर ठरवणे धोक्याचे आहे. वेष्टनावरील वॅटच्या आकड्याचेही तसेच. २०१८ मधील इंटेलच्या आय९-९९००के या प्रोसेसरवर ९५ वॅट एवढीच नोंद होती, जी मूळ वेगाला लागू होती. २०२१ मध्ये त्याच वंशातील १२९००के साठी १२५ आणि २४१ असे दोन आकडे उघडपणे दिले गेले. आखणी नेहमी मोठ्या आकड्यावर करावी.

बाकीच्या सवयींचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. तांब्याचे ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचे रेडिएटर एकत्र वापरल्यास गंज लागतो, हा धडा पहिल्या पिढीनेच घेतला होता. २०१३ च्या सुमारास अॅक्रिलिकच्या कडक नळ्या लोकप्रिय झाल्या आणि पाठोपाठ पीईटीजी हे प्लास्टिक आले, जे वाकवायला सोपे असले तरी पाणी ६० अंशांकडे गेले की मऊ पडू लागते. मग दुधी, अपारदर्शक कूलंट आले. त्यांतील कण ब्लॉकमधील बारीक पात्यांत साचतात आणि प्रवाह मंदावतो. प्रदर्शनातील यंत्राला ते शोभतात, रोजच्या कामाच्या यंत्रात घालू नयेत. काळ्या ईपीडीएम रबराची नळी दिसायला साधी आहे, पण कार्ड बदलताना ती बाजूला वाकवता येते आणि जोडीला झटपट सुटणारी कपलिंग असतील तर सगळे पाणी उपसण्याची वेळ येत नाही.

गेल्या पाच वर्षांत आखणीचे वजन पूर्णपणे ग्राफिक्स कार्डाकडे झुकले आहे. २०२० मधील आरटीएक्स ३०९० मध्ये अर्ध्या मेमरी चिप बोर्डाच्या मागच्या बाजूला होत्या आणि रेंडरिंगमध्ये त्या इतक्या तापत की मागच्या पट्टीतूनही पाणी नेणारे ब्लॉक बनवले गेले. कार्डे जोडण्याचा खास दुवा त्यानंतरच्या पिढीतून काढून टाकला गेला. गेमिंगसाठी दुसऱ्या कार्डाला अर्थ उरला नाही, पण रेंडरिंगचे बरेच सॉफ्टवेअर दुव्याशिवायही दोन कार्डे स्वतंत्रपणे वापरते. हवेवर थंड होणारे ४५० किंवा ५७५ वॅटचे कार्ड अनेकदा तीन-चार स्लॉटची जागा व्यापते, तर ब्लॉक बसवलेले कार्ड एक-दोन स्लॉटमध्ये मावते, म्हणून दोन कार्डांच्या यंत्रात पाण्याचा मुख्य लाभ जागेचा आहे. अशा यंत्रात पंख्यांची गती प्रोसेसरच्या तापमानाला बांधली तर ते क्षणाक्षणाला घोंघावतात. लूपमध्ये पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बसवून त्याच्यावरच गती ठरवणे योग्य, आणि मदरबोर्ड निवडतानाच त्यावर बाहेरचा सेन्सर जोडण्याची सोय आहे का, हे पाहून घ्यावे.