मोफत प्रवासाने एसटी बुडाली का?

७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास दिल्यामुळेच एसटी तोट्यात गेली, असे गावोगावी पारावर ठासून सांगितले जाते. ते बरोबर नाही. वाहक आजीबाईंच्या हाती शून्य रुपयांचे तिकीट ठेवतो, ते उगाच नव्हे: त्याच नोंदीवरून सवलतीची रक्कम राज्य शासनाने महामंडळाला द्यायची असते. (ती वेळेवर न मिळाल्यास ओढाताण होते, पण तो प्रश्न निराळा.) खेड्यातल्या फेरीचा तोटा मुळात रिकाम्या आसनांचा असतो. मुक्कामी गाडी पहाटे चारच प्रवासी घेऊन निघाली, तरी डिझेल आणि चालक-वाहकांचा पगार तेवढाच लागतो, आणि ही तूट लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाड्यांच्या उत्पन्नातून भागवावी लागते.