बेकायदा हुकूम आणि न पटलेला हुकूम, ह्यात लई जण घोळ घालतात

कोल्हापुरात फौजेबद्दल मत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. टेंबलाईवाडीला टी.ए. म्हणजे टेरिटोरियल आर्मीची बटालियन, जवळच बेळगावला मराठा सेंटर, शिरोळ तालुक्यात तर गावाचं नावच सैनिक टाकळी. त्यामुळं दंगल, कर्फ्यू, गोळीबार असला विषय निघाला की कट्ट्यावर दोन पार्ट्या पडल्याच म्हणून समजा. एक पार्टी म्हणते जवानाचं काम हुकूम पाळायचं, डोकं वरच्यानं चालवायचं. दुसरी म्हणते स्वतःच्याच लोकांवर बंदूक रोखताना ज्याचं मन आडवं येत नाही तो माणूस कसला. आवाज चढतात, चहा गार होतो, आणि गंमत अशी की दोघं दोन वेगळ्या हुकमांबद्दल भांडत असतात.

मी भरतीच्या पोरांना जीके शिकवतो, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं फिरून फिरून येतो: "सर, साहेबानं चुकीची ऑर्डर दिली तर पाळायची का?" पोरांनो, आधी मला सांगा चुकीची म्हणजे कसली? कायद्यात न बसणारी, का तुझ्या मनाला न पटणारी? ह्या दोन्हीला आपण सरसकट 'चुकीची' म्हणून मोकळं होतो आणि तिथनंच सगळा गुंता सुरू होतो.

आर्मी अॅक्ट १९५० चा, त्यातलं कलम ४१ बघा. हुकूम न पाळणाऱ्याला शिक्षा आहे, वरिष्ठानं समोर उभं राहून दिलेला हुकूम मुद्दाम धुडकावला तर १४ वर्षांपर्यंत कैद. पण त्या कलमात नुसता हुकूम म्हटलेलं नाही, कायदेशीर हुकूम म्हटलंय. म्हणजे हुकूमच कायद्याबाहेरचा असेल तर तो नाकारल्याबद्दल हे कलम लागायला नको. दुसऱ्या बाजूनं भारतीय न्याय संहितेचं कलम १४ बघा, जुन्या आयपीसीत हेच ७६ होतं. त्यात उदाहरणच शिपायाचं दिलंय, वरिष्ठाच्या हुकमावरनं शिपाई जमावावर गोळी झाडतो, त्यानं गुन्हा केलेला नाही. लोक इथंच वाचायचं थांबतात. पण त्याच वाक्यात पुढं अट आहे की हे सगळं कायद्याच्या आज्ञेनुसार असलं पाहिजे. साहेबाची ऑर्डर एकटी पुरत नाही, त्या ऑर्डरच्या मागं कायदा उभा पाहिजे.

आता दंगलीत कायदा कुठवर उभा असतो? आमच्या गल्लीत एक रिटायर्ड सुभेदार आहेत, सगळे त्यांना सुभेदार मामाच म्हणतात. त्यांनी मला एकदा ही ड्रिल सांगितली, अगदी ताटातली वाटी सरकवून जागा दाखवत, हितं मॅजिस्ट्रेट, हितं आमची प्लाटून, हितं जमाव. मिलिटरी आपणहून दंगलीत उतरत नाही. पोलिसांकडनं आवरेना झालं की जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा त्यानं नेमलेला एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट फौजेला सांगतो की हा जमाव पांगवा. मग स्थानिक भाषेतला बॅनर उघडायचा, पांगा नाहीतर गोळी चालेल. बिगुल. लाऊडस्पीकरवरनं परत वॉर्निंग. तरी जमाव हलला नाही तर अख्ख्या प्लाटूननं धडाधड फायर नाही करायचा, अमक्या जवानानं एक राऊंड, तो पण कमरेच्या खाली. मी विचारलं आधी हवेत का नाही मारत? मामा उखडलेच. "हवेत मारायची न्हाई मर्दा. वर गेलेली गोळी खाली कुणाच्यातरी गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईला लागतीया. आन् हवेत मारली की जमावाला वाटतंय ह्यांच्याच्यानं काय हुत न्हाई." आणि शेवटी झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून मोजायच्या, कारण हिशेब द्यावा लागतो.

मामांनी वाट्या सरकवून जे सांगितलं त्याच्या मुळाशी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४९ आहे, आधी सीआरपीसीत ते १३० होतं. मॅजिस्ट्रेट जमाव पांगवायला सांगतो, पण तो कसा पांगवायचा हे फौजेचा अधिकारी ठरवतो, आणि ठरवताना कमीत कमी बळ, माणसांचं आणि मालमत्तेचं कमीत कमी नुकसान, हे त्याच्यावर बंधन आहे. मॅजिस्ट्रेटशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड दिसत असेल तर अधिकारी स्वतःहून पण पाऊल उचलू शकतो, पण संपर्क झाला की परत मॅजिस्ट्रेटच्या सांगण्यात यायचं. ह्या चौकटीतला हुकूम म्हणजे कायदेशीर हुकूम. तो जवानाला आवडतोय का नाही हा वेगळा विषय.

आणि तो किती वेगळा, हे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या एका केसमधनं कळतं. एका ख्रिश्चन लष्करी अधिकाऱ्यानं आपल्या रेजिमेंटच्या धर्मस्थळाच्या गाभाऱ्यात जायला नकार दिला, माझी श्रद्धा आडवी येते म्हणून. नोकरी गेली. दिल्ली हायकोर्टानं बडतर्फी योग्य ठरवली आणि नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं पण ती कायम ठेवली. आता ह्यात ना गोळीबार, ना जमाव, कुणाच्या जिवाला धोका पण नाही. तरी कोर्टाचा रोख हाच की हुकूम कायदेशीर असेल तर वैयक्तिक श्रद्धा त्याच्या वर जात नाही. मला स्वतःला हा निकाल थोडा कडक वाटला, खोटं कशाला बोलू, पण कायदा कुठं उभा आहे ते त्यातनं लख्ख दिसतं. राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला फौजेतल्या लोकांचे मूलभूत हक्क कमी करायची मुभा देतंच.

आता बेकायदा हुकूम कसा असतो त्याचं माझ्या मते सगळ्यात स्पष्ट उदाहरण इस्रायलमधलं. २९ ऑक्टोबर १९५६, सुएझचं युद्ध सुरू झालेला दिवस. सरहद्दीजवळच्या अरब गावांवर कर्फ्यू होता, त्याची वेळ त्या दिवशी अचानक अलीकडं आणून संध्याकाळी ५ ची केली आणि सीमा पोलिसांना हुकूम, त्यानंतर घराबाहेर दिसेल त्याला गोळी. कफर कासिम गावातली माणसं बाहेर कामाला गेलेली, त्यांना वेळ बदलल्याचा पत्ताच नाही. गावच्या मुखियाला सांगितलं ते जेमतेम अर्धा तास आधी. म्हणजे असं समजा की शिरोळातनं उसाच्या फडावर गेलेला गडी दिवस मावळताना सायकलवरनं घरला यायला लागलाय आणि वेशीवर त्याला उभा करून गोळी घातली. ५० च्या आसपास माणसं मारली, त्यात बायका, पोरं पण. पण मुद्दा पुढं आहे. हाच हुकूम त्याच दिवशी शेजारच्या गावांतल्या तुकड्यांना पण होता, आणि तिथल्या काही अधिकाऱ्यांनी कामावरनं परतणाऱ्या लोकांना गुपचूप घरी जाऊ दिलं. कोर्टात जेव्हा 'आम्ही हुकूम पाळला' हा बचाव आला तेव्हा न्यायाधीशानं सांगितलं की काही हुकमांवर बेकायदेशीरपणाचा काळा झेंडा फडकत असतो, तो दिसायला वकील असावं लागत नाही, डोळे आणि काळीज शाबूत असलं की पुरतं. शिक्षा झाल्या, हे खरं. पण १९६० पर्यंत सगळे सुटले आणि ब्रिगेडच्या कमांडरला दंड झाला तो एका दिडकीच्या लायकीचा, हे पण खरं.

इथं मन आणि कायदा एकाच बाजूला होते. ज्यांनी लोकांना घरी सोडलं त्यांनी कायदा मोडला नाही, पाळला. म्हणून त्यांना 'सदसद्विवेकाचे हिरो' म्हणणं बरोबरच आहे, पण अर्धंच बरोबर आहे.

पेशावरचं तसं नाही. २३ एप्रिल १९३०, किस्सा ख्वानी बाजार, खान अब्दुल गफार खान यांना अटक झालेली, त्यांच्या अहिंसक संघटनेची माणसं, खुदाई खिदमतगार, रस्त्यावर, निःशस्त्र. गढवाल रायफल्सची तुकडी समोर उभी केली आणि फायरचा हुकूम आला. हवालदार चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी गोळी चालवायला नकार दिला. आता त्या वेळच्या सरकारच्या कायद्यानं बघितलं तर हुकूम देणारा अधिकारी अधिकारातला, जमाव त्यांच्या लेखी बेकायदा, म्हणजे कागदावर हुकूम बसत होता. चंद्रसिंगांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी नाही म्हटलं ते मनाला पटेना म्हणून, आणि किंमत मोजली, कोर्ट मार्शल, जन्मठेप, १९४१ ला सुटले. एकट्यानं नाही म्हटलं की ती आज्ञाभंग, अनेकांनी मिळून म्हटलं की फौजी कायद्यात ते बंड, मग कुणी दगड सुद्धा उचललेला नसू दे. आजच्या आर्मी अॅक्टचं कलम ३७ तर बंडाला फाशीपर्यंत जातं, आणि बंड होताना बघत उभा राहून ते थांबवायचा प्रयत्न न करणाऱ्यालाही पकडतं.

ह्याच्यावर गांधीजी काय म्हणाले हे पोरांना सांगितलं की वर्गात गलका होतो. त्यांनी गढवाल्यांची पाठ थोपटली नाही. एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना त्यांचा सूर असा होता की शपथ घेतलेल्या शिपायानं गोळीचा हुकूम मोडणं हा गुन्हा आहे, आणि आज मी ह्यांना हुकूम मोडायला शिकवलं तर उद्या आमचं राज्य आल्यावर हेच शिपाई आमच्याशी तसंच वागतील. अहिंसेचा माणूस असं बोलतो म्हणून राग येतो, पण जरा थांबून बघा, ते सत्तेच्या खुर्चीत उद्या कोण बसणार ह्याचा विचार करत होते. आज तुम्हाला आवडणाऱ्या जमावावर गोळी न चालवणारा जवान तुम्हाला देव वाटेल, उद्या तुमच्या वस्तीवर चालून आलेल्या जमावासमोर 'माझं मन मानत नाही' म्हणून तो बाजूला झाला तर? मन सगळ्यांनाच असतं आणि ते सगळ्यांचं एकाच दिशेला नसतं. जून २०२३ ला स्टेटसवरनं आपल्याच शहरात दगडफेक झाली, लाठीमार, अश्रुधूर, नेट बंद, तेव्हा 'आता मिलिटरीच बोलवा' म्हणणारे मी दोन्ही बाजूंना ऐकलेत, आणि प्रत्येकाच्या डोक्यातली मिलिटरी दुसऱ्याला बडवणारी होती.

बंडाचा विषय निघालाच आहे तर आपलं घरचं उदाहरण. ३१ जुलै १८५७, कोल्हापुरात २७ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई उठले. तो कुठल्या एका गोळीबाराचा नकार नव्हता, ते थेट राज्यकर्त्यांविरुद्ध हत्यार उचलणं होतं. पलटण निःशस्त्र केली गेली, कित्येकांना मृत्यूदंड, आणि राजाचे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं ते परत आलेच नाहीत. चिमासाहेब चौकातनं रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे. आपण त्यांना स्वातंत्र्यवीर म्हणतो. बरं, आता जून १९८४ घ्या, सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर रामगढच्या सेंटरमधले शीख जवान दुखावून उठले, त्यांच्याच ब्रिगेडियरचा जीव गेला. वेदना खरी होती ह्यात शंका नाही. पण हत्यार घेऊन बाहेर पडल्यावर तो 'नकार' राहत नाही. दोन्हीकडं कृती एकाच जातीची, आपण न्याय वेगळा लावतो तो राज्य कुणाचं होतं त्यावरनं, एवढं कबूल करायला हरकत नसावी.

जालियनवाला कुठल्या खान्यात टाकायचं हे मात्र पोरं बरोबर सांगतात. वॉर्निंग नाही, पांगायला वाट नाही, ५० रायफली, दहाएक मिनिटं, १६५० राऊंड. मामांच्या ताटावरच्या ड्रिलमधली गोळीबाराआधीची एकही पायरी तिथं नव्हती. आजच्या कलम १४९ ला तो हुकूम धरून तपासला तर पहिल्याच ओळीत नापास. तरी गोळ्या चालवणाऱ्यांपैकी कुणावर खटला झाला नाही आणि डायरवर पण नाही, त्याची फक्त नोकरी गेली.

मग पोरं विचारतात, सर, प्रत्यक्षात त्या दोन सेकंदांत जवानानं ओळखायचं कसं? प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेक वेळा ओळखता येत नाही, आणि म्हणूनच कायदा त्याच्या बाजूनं थोडा झुकतो, हुकूम कायदेशीर आहे असं धरूनच तो चालतो आणि तसं धरून चालल्याबद्दल त्याला सहसा दोषी धरत नाहीत. ही सूट उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला मिळत नाही. हात वर करून शरण आलेला, पळून जाताना पाठमोरा झालेला, पकडून बसवलेला, लहान पोर, ह्यांच्यावर गोळी घाल म्हणणारा कितीही मोठा साहेब असू दे. पोलिसांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २०११ साली मुंबईच्या एका एन्काउंटरच्या केसमध्ये हेच बजावलं, वरिष्ठांचा हुकूम होता म्हणून खून माफ होणार नाही, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर न्यूरेंबर्गला खटले चालले तिथं हा बचाव चालला नव्हता आणि इथं पण चालणार नाही.

राहिला तो न पटलेला हुकूम. त्यासाठी आपल्याकडं पळवाट नाही, आपली फौज स्वखुशीनं भरती झालेल्यांची आहे, 'ह्या ड्युटीतनं माझ्या मनाला सूट द्या' असा फॉर्म नसतो. शंका असेल तर हुकूम परत विचारून घेता येतो, "साब, फायर का ऑर्डर है?" एवढं विचारल्यानं कुणी बंडखोर ठरत नाही, आणि मामा म्हणतात कधी कधी नुसतं परत विचारल्यावर साहेबच भानावर येतो. तक्रार नंतर वरच्याकडं करता येते, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल पण आहे. आणि तरीही हुकूम कायद्यात बसत असून ज्याला गोळी चालवायचीच नसेल त्यानं चंद्रसिंगांसारखं उघड उभं राहावं, हत्यार खाली ठेवावं आणि कोर्ट मार्शलला सामोरं जावं. चीनमध्ये १९८९ ला ३८ व्या आर्मीचा कमांडर शू चिनशियान ह्यानं तिआनानमेन चौकातल्या आंदोलनावर बीजिंगमध्ये सैन्य घुसवायला नकार दिला, तोंडी हुकमावर हे करणार नाही म्हणाला, तर त्याला पाच वर्षं तुरुंगात घातलं. सैन्य दुसऱ्या कुणीतरी नेलंच.