गर्दीतून वाट काढणारा रेडिओ

संध्याकाळी विरार फास्टच्या एकाच डब्यात कितीतरी कानांत ब्लूटूथचे इअरबड्स असतात. सगळे रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यात बोलतात, तरी एकाचं गाणं दुसऱ्याच्या कानात शिरत नाही. हे कसं जमतं ते कळायला १९९४ पर्यंत मागे जावं लागतं. स्वीडनमधल्या लुंड शहरात एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच इंजिनिअरने मोबाइल आणि हेडसेटमधली वायर काढण्याचं काम तेव्हा हाती घेतलं; सहकारी स्वेन मॅटिसन त्याला नंतर येऊन मिळाला.

वायरला पर्याय म्हणून इन्फ्रारेड होतं. ज्यांनी तसले फोन वापरलेत त्यांना आठवेल, दोन फोन समोरासमोर टेबलावर ठेवायचे आणि फाइल जाईपर्यंत कुणी टेबलाला धक्का लावायचा नाही. मध्ये हात आला की खेळ खल्लास. खिशातल्या फोनला याचा काय उपयोग? म्हणून रेडिओ लहरी.

जागा निवडली ती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची, कारण जगात बहुतेक ठिकाणी तिथे परवाना लागत नाही. भारतानेही २००५ मध्ये या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. पण जागा फुकट म्हटल्यावर गर्दी आलीच. मायक्रोवेव्ह ओव्हनमधून गळणाऱ्या लहरी तिथेच, वाय-फायही तिथेच.

त्यावरचा तोडगा हा या सगळ्या प्रकरणातला खरा हुशारीचा भाग. पट्ट्यात १ मेगाहर्ट्झचे ७९ चॅनेल पाडले आणि उपकरणं त्यांवरून सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारतात. उड्यांचा क्रम जोडीतल्या मुख्य उपकरणाचा पत्ता आणि घड्याळ यांवरून ठरतो, म्हणून प्रत्येक जोडीचा क्रम वेगळा. दोन जोड्या एकाच चॅनेलवर आपटल्याच, तर गाण्याचा तेवढाच तुकडा पुन्हा पाठवायचा.

उड्यांची कल्पना त्याआधीची. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना टॉर्पेडोच्या नियंत्रणासाठी १९४२ मध्ये अशा कल्पनेचं पेटंट मिळालं होतं. ‘ब्लूटूथ हेडीनेच शोधलं’ हे फॉरवर्ड मात्र ताणलेलं आहे.

१९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा एकत्र आल्या. एरवी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी एकच पद्धत मान्य केली, याचं महत्त्व तंत्राइतकंच मोठं. डेन्मार्कचा जुना राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचं नाव इंटेलच्या जिम कार्डाकने सुचवलं आणि तेच चिकटलं.

पुढे वाय-फाय घरोघरी पोचलं. आज मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत फोनवर वाय-फायची यादी उघडा, शेजाऱ्यांच्या राउटरची रांगच लागते. या गर्दीवरचा उपाय ब्लूटूथच्या २००३ च्या १.२ आवृत्तीत आला. कुठल्या चॅनेलवर गोंधळ आहे ते पाहून उपकरणं तिथे उडी मारणंच टाळू लागली. २०१० च्या ४.० आवृत्तीने वीज वाचवणारा वेगळा प्रकार आणला, म्हणून फिटनेस बँड एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालतात. आरोग्य सेतू अॅप २०२० मध्ये ब्लूटूथवरूनच जवळच्या फोनची नोंद ठेवत होतं.

त्याच वर्षी एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायचा नवा प्रकार, जाहीर झाला. एका फोनवरचं गाणं हव्या तितक्या इअरबड्सवर ऐकवायची सोय त्यात आहे, पण फोन आणि इअरबड्स दोन्हींत ती लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर खरेदी करताना खोक्यावर ब्लूटूथ ५.३ छापलंय म्हणून ती असेलच असं धरू नका, दुकानदाराला एलई ऑडिओ आहे का हेच विचारा.