‘संरक्षण’ या शब्दाआड उभी राहिलेली साम्राज्ये

राष्ट्रे समुद्रापलीकडे मुलूख का शोधतात, याची ठरलेली उत्तरे आहेत: कच्चा माल, बाजारपेठ, धर्मप्रसार, प्रतिष्ठा. मसाल्याचा व्यापार आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणींची चांदी समजून घ्यायला ती पुरतात. १८७० नंतरच्या आफ्रिकेपाशी मात्र अडखळतात. तेव्हा खंडाचा सुमारे दहावा भागच युरोपच्या अंमलाखाली होता. १९१४ पर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया सोडून बाकी सगळा गेला. ब्रिटनचे परदेशी जाणारे भांडवल तर मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिनाकडे वळत होते.

मग एवढी घाई कशाची? माझ्या मते नफ्याइतकीच धास्तीची. आपण घेतले नाही तर दुसरा घेईल. त्यात हिवतापावरचे क्विनाइन, आगबोट आणि नव्या बंदुकांनी ताबा स्वस्त करून टाकला.

१५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनमध्ये १४ राष्ट्रे जमली. आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. तिथे खंडाची वाटणी झाली, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. बहुतेक सीमा पुढच्या वर्षांत दोन-दोन सत्तांमधल्या करारांनी आखल्या गेल्या. बर्लिनने ठरवले ते दावा सांगायचे नियम, आणि खरी मेख तिथेच आहे. कलम ३४ प्रमाणे किनाऱ्यावर नवा मुलूख घेणाऱ्याने किंवा एखाद्या प्रदेशाला ‘संरक्षण’ देणाऱ्याने इतरांना कळवायचे. कलम ३५ प्रमाणे घेतलेल्या मुलखात कारभार चालेल एवढी सत्ता प्रत्यक्ष उभी करायची. या दुसऱ्या कलमातून संरक्षित प्रदेश वगळले गेले, तेही ब्रिटनच्या आग्रहाने. म्हणजे हक्क पदरात पडला आणि जबाबदारी टळली.

‘संरक्षण’ हा शब्द कसा वापरला गेला, ते आजच्या नायजेरियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या कालाबारमध्ये दिसते. १० सप्टेंबर १८८४ रोजी तिथल्या राजांनी आणि सरदारांनी ब्रिटनशी तह केला. ब्रिटनने संरक्षणाची हमी दिली. त्यांनी ब्रिटनच्या संमतीशिवाय परक्या सत्तेशी करार न करण्याचे मान्य केले. जमीन देऊन टाकल्याचा त्यात शब्दही नव्हता. तरी ११ मार्च १९१३ च्या करारात ब्रिटनने तिथले जवळचे बाकासी द्वीपकल्प जर्मनीच्या ताब्यातल्या कॅमेरूनच्या बाजूला सोडले.

स्वातंत्र्यानंतर आफ्रिकी राष्ट्रांनी १९६४ मध्ये वारशाने आलेल्या सीमाच पाळायचे ठरवले. बाकासीचा नायजेरिया आणि कॅमेरून यांच्यातला वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. संरक्षकाला दुसऱ्याची भूमी देण्याचा अधिकारच नव्हता, हा नायजेरियाचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. १० ऑक्टोबर २००२ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. २००६ मध्ये नायजेरियाने सैन्य काढून घेतले, २००८ मध्ये हस्तांतर पुरे झाले, आणि स्वतःला नायजेरियन मानणाऱ्या तिथल्या हजारो रहिवाशांना, त्यांतल्या अनेक मच्छीमारांना, घरे सोडावी लागली.