संकलनत्रय ॲरिस्टॉटलच्या नावावर कसे चढले?

नाटकात स्थळ, काळ आणि कृती यांची एकता हवी, हा नियम ॲरिस्टॉटलने घालून दिला, असे संकलनत्रयावरच्या परीक्षेच्या नोट्समध्ये वर्षानुवर्षे छापले जाते. त्याचे ‘पोएटिक्स’ उघडून पाहिले तर चित्र वेगळे दिसते.

तो आग्रह धरतो तो फक्त कृतीच्या एकतेचा. नायक एकच असला म्हणून कथानक एकसंध होत नाही, हे तो स्पष्ट बजावतो. एका माणसाच्या आयुष्यात असंख्य गोष्टी घडतात, त्या सगळ्या एका नाटकात कोंबायच्या नसतात. जो भाग काढला तरी काही बिघडत नाही, तो मुळात त्या रचनेचा भागच नव्हे, अशी त्याची कसोटी. (आपल्या कितीतरी चरित्रनाटकांना ती आजही जड जाईल.)

काळाबद्दल एकच ओझरता उल्लेख आहे: शोकांतिका शक्यतो सूर्याच्या एका फेऱ्यात आटोपते. हे निरीक्षण आहे, हुकूम नव्हे. स्थळाच्या एकतेचा तर नियमच नाही. ग्रीक नाटककार एस्किलसच्या ‘युमेनिडीज’ या नाटकात प्रसंग डेल्फीहून थेट अथेन्सला जातो.

मग तिन्ही एकत्र बांधली कोणी? इटालियन भाष्यकार कास्टेलवेत्रोने, १५७० मध्ये. पुढे फ्रेंच पंडितांनी त्याचा कायदा केला आणि १६३७ च्या ‘ल सिद’ नाटकावरून त्याचा लेखक कॉर्नेय याला त्याचा चांगलाच जाच झाला. ॲरिस्टॉटल तेव्हा जाऊन जवळजवळ दोन हजार वर्षे झाली होती.